फुगणाऱ्या मातीवरचा कॉम्पोझिट डेक : चार उन्हाळ्यांनंतरचा अभिप्राय

घराच्या मागच्या बाजूला ६ मीटर लांब आणि ३.६ मीटर रुंद असा कॉम्पोझिट फळ्यांचा डेक, म्हणजे घराबाहेरचा फळ्यांचा उघडा ओटा, बांधून घेतल्याला आता चार उन्हाळे आणि चार पावसाळे झाले. त्यापूर्वी त्याच जागी लाकडी डेक होता आणि दर वर्षी तो घासणे, त्याला तेल पाजणे, फुटलेल्या फळ्या बदलणे यांत आमचे कित्येक सुट्टीचे दिवस जात होते. ‘याला देखभाल जवळजवळ लागत नाही’ हे विक्रेत्याचे वाक्य त्यामुळेच आम्हाला चटकन पटले, आणि फळीपुरते बोलायचे तर ते खोटे निघाले नाही. मात्र आमची जमीन भारी चिकणमातीची आहे आणि उन्हाळ्यात हवेचे तापमान ४२ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. या दोन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे डेकची देखभाल फळीच्या वर कमी होते आणि फळीच्या खाली वाढते, हे आम्हाला आधी कोणी सांगितले नव्हते. म्हणून हा अभिप्राय जितका फळीविषयी आहे, तितकाच किंवा थोडा अधिकच तिच्या खालच्या सांगाड्याविषयी आणि पायाविषयी आहे.

कॉम्पोझिट फळी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांचे मिश्रण तापवून साच्यातून दाबून काढलेली पट्टी. प्लॅस्टिक बहुधा पॉलिइथिलीन असते, काही उत्पादनांत पॉलिप्रोपिलीन किंवा पीव्हीसी असते, आणि भुशाचा वाटा वजनाने साधारण निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक असतो. सुरुवातीच्या काळातील फळ्यांवर कसलेच आवरण नसे. भुशाचे कण पृष्ठभागावर उघडे राहत, पाणी शोषत, त्यांवर बुरशीचे काळे ठिपके पडत आणि काही महिन्यांतच रंग उतरे. आज बाजारात मिळणाऱ्या चांगल्या फळ्यांवर गाभ्याबरोबरच साच्यातून निघालेले प्लॅस्टिकचे पातळ, घट्ट आवरण असते. हे आवरण काही फळ्यांना चारही बाजूंनी असते, तर काहींना फक्त वरून आणि दोन्ही कडांना. खालची बाजू उघडीच असते. नमुना हातात आला की रंग पाहण्याआधी तो उलटा करून पाहावा, असे मी आता प्रत्येकाला सांगतो. चिकणमाती पावसाळ्यात शोषलेले पाणी महिनोन्‌महिने सोडत राहते आणि ती वाफ डेकखाली साचते. खालून ओलावा आणि वरून कडक ऊन अशा कात्रीत सापडलेली तीन बाजूंच्या आवरणाची फळी हळूहळू द्रोणासारखी वाकण्याची शक्यता असते. आम्ही चारही बाजूंनी आवरण असलेली, भरीव, १४० मिलिमीटर रुंद आणि २३ मिलिमीटर जाड फळी निवडली, आणि ती आजवर एकाही ठिकाणी अशी वाकलेली नाही.

पोकळ फळ्या वजनाने हलक्या आणि तुलनेने स्वस्त असतात. पण त्यांच्या नळ्यांत पाणी शिरून राहते, टोकाची टोपणे निसटली की कीटक घरे करतात, आणि जड वस्तू पडली तर वरची भिंत खचते. आम्ही त्या वाटेला गेलो नाही. फळी निवडताना अमेरिकेतील एएसटीएम डी ७०३२ किंवा युरोपातील ईएन १५५३४ या मानकांनुसार केलेल्या चाचणीचा अहवाल मागावा, हेही सुचवतो. अहवाल दाखवायला जो विक्रेता कुरकुरतो, त्याच्याकडून माल न घेतलेलाच बरा.

आता पायाकडे वळतो, कारण आमच्या खर्चाचा आणि मनस्तापाचा मोठा भाग तिथेच गेला. भारी चिकणमातीत स्मेक्टाइट गटातील खनिजे असतात, त्यांतले मॉन्टमोरिलोनाइट हे नाव सर्वांत जास्त ऐकू येते. या खनिजांचे कण पानांसारख्या पातळ थरांचे असतात, थरांच्या मध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि पाणी निघून गेले की आकसते. उन्हाळ्याच्या अखेरीस आमच्या जमिनीला अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जावा. पावसाळ्यात तीच जमीन एकसंध, चिकट आणि उचललेली दिसते. ही उचल सगळीकडे सारखी असती तर डेकला तिचे काही सोयरसुतक नव्हते. सबंध डेक वर गेला असता आणि खाली आला असता, इतकेच. त्रास होतो तो उचल कमीजास्त असल्यामुळे. पन्हाळीचे पाणी पडते तिथली माती जास्त फुगते, मोठ्या झाडाच्या बाजूची माती मुळांनी पाणी ओढल्यामुळे जास्त आकसते, आणि घराच्या आडोशाला, जिथे पाऊस पोहोचत नाही, तिथली माती फारशी हलतच नाही. बारा खांबांपैकी एकाने जरी बाकीच्यांची साथ सोडली तरी वरची फळी ते लगेच दाखवते.

पहिल्या कंत्राटदाराने ६० सेंटिमीटर खोल पाया सुचवला होता आणि त्याचे समर्थन असे की आमच्याकडे जमीन गोठत नाही, मग खोल जायचे कशासाठी? थंड प्रदेशात पाया गोठणरेषेच्या, म्हणजे हिवाळ्यात जमीन जिथपर्यंत गोठते त्या खोलीच्या, खाली नेतात, हे खरे. पण म्हणून उष्ण प्रदेशात उथळ पाया चालतो असे होत नाही. इथे गोठणरेषेची जागा ऋतूगणिक ओली-सुकी होणारी मातीची पातळी घेते. ती किती खोल आहे हे पुस्तकात नव्हे, स्वतःच्या जागेवर पाहावे लागते. आम्ही उन्हाळा संपता संपता हाताच्या ऑगरने, म्हणजे जमिनीत भोक पाडणाऱ्या गिरमिटाने, दोन ठिकाणी भोके पाडली. साधारण दीड मीटरपर्यंत निघालेली माती कोरडी, ढेकळांची आणि भेगाळलेली होती. त्याखालची मात्र दमट आणि लोण्यासारखी कापली जाणारी होती. त्या पहिल्या कंत्राटदाराचे काम आम्ही तिथेच नाकारले. मातीचा अभ्यास असलेल्या एका स्थापत्य अभियंत्याचा एका भेटीपुरता सल्ला घेतला, आणि सबंध प्रकल्पात आम्ही केलेला सर्वांत शहाणा खर्च तोच ठरला.

त्यांच्या आराखड्यानुसार ३०० मिलिमीटर व्यासाचे बारा खड्डे २.१ मीटर खोल घेतले आणि त्यांचा तळ घंटेसारखा रुंद केला, म्हणजे फुगणाऱ्या मातीने खांबाला वर ओढले तरी खालचा रुंद भाग नांगरासारखा धरून ठेवील. दोन बाबींवर त्यांनी विशेष भर दिला होता. पहिली, सळई पायाच्या पूर्ण उंचीत गेली पाहिजे. कारण फुगणारी माती काँक्रीटच्या अंगाला चिकटून त्याला वर खेचते, आणि काँक्रीट दाब सोसते पण ताण सोसत नाही, त्यामुळे नुसत्या काँक्रीटचा खांब मधोमध तुटू शकतो. दुसरी, वरच्या दीड मीटरमध्ये काँक्रीटभोवती गुळगुळीत नळकांडे ठेवावे, म्हणजे मातीला पकड मिळणार नाही. हे दोन्ही गवंड्यांनी नीट केले. पण खड्ड्याच्या तोंडाशी काही ठिकाणी काँक्रीट बाहेर सांडून छत्रीसारखी कडा तयार झाली, ती मात्र कोणीच फोडली नाही, आणि त्या क्षणी मलाही तिचे महत्त्व कळले नव्हते.

दुसऱ्या पावसाळ्यात ते कळले. पश्चिमेच्या कोपऱ्यावरचा खांब १४ मिलिमीटर वर आला. आकडा लहान वाटतो, पण त्या कोपऱ्यावर ठेवलेली खुर्ची डुगडुगू लागली आणि कठड्याचा जोड उघडला. खाली जाऊन पाहिले तेव्हा दोन चुका एकाच जागी भेटल्या होत्या: छपराची पन्हाळ त्या खांबापासून हातभर अंतरावर उतरत होती, आणि खांबाच्या माथ्याला ती छत्रीसारखी कडा होती. भिजलेल्या मातीने त्या कडेखाली खांदा लावून खांब सरळ उचलला होता. कडा छिन्नीने फोडून काढली, पन्हाळीला ३ मीटरची नळी जोडून पाणी उताराच्या दिशेने दूर सोडले, आणि खांबाच्या बुडाशी असलेला आट्यांचा पाया दोन पाने घेऊन खाली उतरवला. या आट्यांच्या पायाविषयी दोन शब्द अधिक लिहायला हवेत. काँक्रीटच्या माथ्यात जाड आटेदार दांडा रोवून त्यावर खांबाची बैठक ठेवली, तर नट फिरवून खांब ४०-५० मिलिमीटर वरखाली करता येतो. वेल्डिंगने पक्का केलेला खांब असता तर आम्हाला तो कापावा लागला असता. इथे ते काम एका दुपारी झाले. उरलेल्या अकरा खांबांत चार वर्षांत ३ मिलिमीटरपेक्षा अधिक फरक पडलेला नाही.

सगळ्यांनाच इतका खोल पाया हवा असेही नाही. डेक जमिनीलगत असेल, लहान असेल, घराला आणि कठड्याला जोडलेला नसेल, तर पृष्ठभागावरच्या ठोकळ्यांवर उंची बदलता येणारे पाय बसवून काम भागते. फक्त वर्षातून दोनदा खाली वाकून ते पाय फिरवण्याची तयारी हवी. आमच्या डेकची उंची ६० सेंटिमीटर आणि वर कठडा, म्हणून आम्ही तो मार्ग घेतला नाही.

डेकखालच्या जमिनीबाबत एक चूक फार सर्रास होते. तण उगवू नये आणि चिखल होऊ नये म्हणून माती वीतभर खणतात, जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कापड, अंथरतात आणि वर खडी भरतात. वाळूमिश्रित जमिनीत हे उत्तम आहे. चिकणमातीत मात्र तो खड्डा न्हाणीघरातल्या टबासारखा भरतो. पाणी खडीत साचते, खाली मुरत नाही, आणि नेमके खांबांच्या भोवतीची माती सतत भिजवत राहते. आम्ही उलट केले. माती खणली नाही, तर घरापासून दूर उतरेल असा साधारण ५० ला १ उतार तिला दिला, तो ठोकून घट्ट केला, वर कापड आणि त्यावर पातळ खडी टाकली आणि खालच्या कडेला पाणी बाहेर पडायला वाट ठेवली. डेकच्या बाजू फळ्यांनी बंद करायचा मोहही आवरला. बाजू बंद केल्या की खाली हवा खेळत नाही, आणि कॉम्पोझिट फळी बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या फळीखाली मोकळी हवा असावी ही अट हमीपत्रातच घालतात.

सांगाडा गरम बुडवणीने जस्त चढवलेल्या पोलादी चौकोनी नळ्यांचा आहे. दाबाखाली औषध मुरवलेले लाकूडही चालले असते आणि अनेक ठिकाणी तेच वापरतात. पण ओले औषधी लाकूड कडक उन्हात वाळताना पिळवटते, आणि वरची फळी सरळ राहण्याची सारी मदार खालच्या वाशावर असते. शिवाय फळीला वाळवी लागत नाही म्हणून लाकडी सांगाड्याला लागणार नाही, असे थोडेच आहे? पोलादाच्या बाबतीत एवढेच पाहावे की जिथे नळी कापली किंवा भोक पाडले तिथे जस्ताचा लेप पुन्हा दिला गेला आहे. कॉम्पोझिट फळी स्वतः भार पेलणारा वासा म्हणून वापरता येत नाही. ती केवळ वरचा थर आहे, हे कोणीतरी सांगावे लागते, कारण उरलेल्या फळ्यांतून वासे करू पाहणारे सुतार मी पाहिले आहेत.

घराच्या भिंतीला डेक जोडलेला नाही. मध्ये २० मिलिमीटरची फट आहे आणि डेक स्वतःच्या पायावर उभा आहे. घराचा पाया एका तऱ्हेने हलतो आणि डेकचा दुसऱ्या तऱ्हेने. दोघांना बोल्टने बांधले की त्यांच्या भांडणात जोड तुटतो, किंवा भिंतीच्या आत पाणी शिरते. ही फट पाहुण्यांना विचित्र वाटते आणि ‘काम अर्धवट राहिले का?’ असे विचारले जाते.

वाशांमधील अंतर आम्ही ३०० मिलिमीटर ठेवले. सरळ बसवलेल्या भरीव फळीला बहुतेक उत्पादक साधारण ४०० मिलिमीटरपर्यंत परवानगी देतात आणि तिरक्या मांडणीला ३००. पण ती परवानगी वाचताना ऊन लक्षात घ्यावे. प्लॅस्टिक तापले की मऊ पडते, आणि तापलेल्या फळीवर जड वजन दिवसेंदिवस एकाच जागी राहिले तर ती कायमची झोल खाते. मातीने भरलेल्या दोन मोठ्या कुंड्या आमच्या डेकवर पहिल्या दिवसापासून एकाच जागी आहेत आणि त्यांच्याखाली सरळपट्टी ठेवून पाहिली तरी झोल दिसत नाही. याचे श्रेय मी जवळ ठेवलेल्या वाशांना देतो.

आता आमच्या दुसऱ्या चुकीकडे. लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. कॉम्पोझिट फळीचे याच्या उलट असते, ती तापमानाने लांबीत वाढते. पॉलिइथिलीनच्या फळीसाठी हे प्रमाण दर अंशाला लांबीच्या एक लाखांश भागाच्या तीन ते पाच पट धरले, तर १८ अंशांच्या सकाळी बसवलेली ३.६ मीटरची फळी उन्हात ६५ अंशांपर्यंत तापल्यावर सुमारे ५ ते ८ मिलिमीटर लांब होते. सगळ्या फळ्या आम्ही अखंड ३.६ मीटरच्या घेतल्या होत्या, म्हणजे मध्ये कुठे टोकाला टोक जोडण्याचा प्रश्नच नव्हता. कडेने मात्र चौकटीसारखी एक फळी फिरवली होती. फळ्या बसवणाऱ्या मंडळींनी एका थंड सकाळी जवळजवळ एक तृतीयांश फळ्यांची टोके या चौकटीला अगदी भिडवून बसवली. दिसायला ते फार सुबक होते आणि मीही कौतुक केले, हे कबूल करायला हवे. पहिल्याच उन्हाळ्यात त्या फळ्यांनी चौकट बाहेर ढकलली, कोपऱ्यावरचे ४५ अंशांचे जोड उघडे पडले आणि दोन फळ्या मधोमध कमानीसारख्या उचलल्या. बाकीच्या दोन तृतीयांश भागात ५ मिलिमीटरची फट होती आणि तिथे काहीच झाले नाही. एकाच डेकवर चुकीचा आणि बरोबर असे दोन्ही नमुने शेजारी शेजारी मिळाल्यामुळे दुरुस्तीविषयी वाद मात्र झाला नाही. ठेकेदाराने त्या फळ्या काढल्या, टोके कापली आणि पुन्हा बसवल्या.

फळ्या खाचेत बसणाऱ्या लपलेल्या क्लिपांनी धरल्या आहेत. क्लिप फळीला वर उचलू देत नाही, पण लांबीच्या दिशेने सरकू देते, आणि उष्ण प्रदेशात हाच तिचा खरा गुण आहे. वरून स्क्रू दिसत नाही ही केवळ शोभा. प्रत्येक फळी मध्यावर एकाच स्क्रूने पक्की करावी, म्हणजे वाढ दोन्ही टोकांना निम्मी निम्मी वाटली जाते. दोन फळ्यांमधली बाजूची फट आम्ही ५ मिलिमीटर ठेवली आहे. ती याहून कमी असती तर पालापाचोळा अडकून पाणी थोपले असते. कापताना उडणारा भुसा हा अर्धा प्लॅस्टिकचा असतो, तो मातीत मिसळू नये म्हणून कापणीची जागा ताडपत्रीवर ठेवण्याचा आग्रह आम्ही धरला आणि दोन पोती भरून भुसा निघाला.

उष्णतेविषयी मात्र या उत्पादनाची बाजू घेण्यासारखे माझ्याकडे फारसे काही नाही. रंग ठरवण्यासाठी आम्ही तीन नमुने आठवडाभर उन्हात ठेवले होते आणि इन्फ्रारेड तापमापकाने मोजत होतो. हवा ४१ अंश असताना दुपारी गडद तपकिरी नमुना ६७ अंशांवर गेला, मध्यम करडा ६१ वर आणि फिकट वाळूच्या रंगाचा ५५ वर. गडद रंग देखणा होता, तो आम्ही सोडला. जुन्या लाकडी फळीचे तापमान त्या दिवशी फिकट नमुन्याच्या जवळपासच होते. तरीही तिच्यावर अनवाणी पाय क्षणभर टिके आणि कॉम्पोझिटवर टिकत नसे. याचे कारण असे की कॉम्पोझिट लाकडापेक्षा घट्ट असते, त्यात उष्णता अधिक साठते आणि ती तळपायाला अधिक वेगाने मिळते. मुलांना आणि पाळीव कुत्र्याला दुपारी तिथे जाऊ देता येत नाही. पाणी शिंपडले तर आराम मिळतो, पण दहा-पंधरा मिनिटांपुरताच, आणि ते पाणी शेवटी खालच्या चिकणमातीत जाते हे विसरून चालत नाही. तिसऱ्या वर्षी आम्ही दोन तृतीयांश भागावर ताणलेले सावलीचे कापड लावले, आणि तेव्हापासून डेक उन्हाळ्यातही वापरात आला. सावलीची तजवीज मूळ आराखड्यातच असायला हवी होती. तिचे खांब नंतर उभे करताना पायाचे तेच सगळे सोपस्कार पुन्हा करावे लागले. उन्हात कमी तापतात अशी जाहिरात असलेल्या फळ्याही आता मिळतात. त्या मी वापरलेल्या नाहीत, पण घेण्यापूर्वी नमुना आठवडाभर उन्हात ठेवून मोजावा, एवढे तरी कोणालाही करता येईल.

खिडक्यांविषयीही सावध करतो. उष्णता परतवणारा लेप असलेली दुहेरी काच किंचित आत वळली की अंतर्गोल आरशासारखी वागते आणि ऊन एका पट्ट्यात एकवटते. त्या पट्ट्याखाली प्लॅस्टिकची फळी वितळल्यासारखी वाकू शकते. आमच्या दक्षिणेकडच्या एका काचेतून असा झळझळीत पट्टा डेकच्या कडेवर पडताना दिसला, तेव्हा बाहेरून बारीक जाळी लावून आम्ही तो मोडला.

आता ज्या कारणासाठी हा सगळा खटाटोप केला त्या देखभालीचा हिशेब. फळीला चार वर्षांत ना तेल लागले, ना रंग, ना घासकागद. वर्षातून दोनदा साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश घेऊन धुतो, त्याला दोन तास पुरतात. पावसाळ्यात उत्तरेकडच्या सावलीत हिरवट शेवाळाचा थर येतो आणि तेवढा भाग निसरडा होतो. तो वेळीच घासावा लागतो. पहिल्या सहा महिन्यांत रंग किंचित उतरला आणि नंतर स्थिर राहिला. दाराशी ठेवलेल्या रबरी पाठीच्या पायपुसण्याने मात्र चौकोनी पिवळट डाग पाडला आहे आणि तो कशानेही गेला नाही. ओरखडाही असाच राहतो, कारण लाकडासारखी ही फळी घासून नवी करता येत नाही. आवरण गेले की गेले. म्हणून त्याच खेपेतल्या सहा फळ्या आम्ही जास्तीच्या घेऊन ठेवल्या आहेत, कारण दुसऱ्या खेपेचा रंग तंतोतंत जुळेल याची खात्री नसते. कोरड्या हवेत फळीवरून चालत जाऊन धातूच्या कठड्याला हात लावला की बारीक झटका बसतो. निरुपद्रवी आहे, पण पाहुणे दचकतात.

याखेरीज वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्याच्या शेवटी, पाण्याची लेव्हल नळी घेऊन मी बाराही खांबांची उंची मोजतो आणि वहीत लिहितो. पन्हाळीची नळी, उतार आणि खालची पाण्याची वाट तपासतो. या कामाला अर्धा दिवस जातो आणि ते कुठल्याही माहितीपत्रकात नाही. हमीपत्रातही ते वेगळ्या रूपात आहे. २५ वर्षांची हमी ठळक अक्षरांत आहे, ती रंग उडणे, डाग पडणे आणि फळी कुजणे यांची. जमिनीच्या किंवा आधाराच्या सांगाड्याच्या हालचालीने झालेले नुकसान, चुकीची बसवणूक आणि काचेवरून परावर्तित झालेली उष्णता या तिन्ही गोष्टी बारीक अक्षरांत वगळलेल्या आहेत. फळी बदलून मिळाली तरी ती काढण्या-बसवण्याची मजुरी आपलीच. चार वर्षांत आम्हाला आलेल्या दोन्ही अडचणी हमीच्या बाहेरच्या होत्या.

पाचपैकी गुण द्यायचे तर फळीला मी साडेचार देईन आणि अर्धा गुण त्या पायपुसण्याच्या डागासाठी व ओरखड्यांसाठी राखून ठेवीन. सावलीशिवाय, उघड्या उन्हात बसवलेल्या डेकला मात्र अडीचच. बसवणाऱ्या ठेकेदाराला तीन. फटीची चूक त्याची होती, पण दुरुस्ती त्याने बिनातक्रार केली. ज्यांची जमीन मुरमाड किंवा वाळूमिश्रित आहे आणि जागेवर सावली आहे, त्यांनी माझे पायाविषयीचे परिच्छेद निम्म्याने हलके करून वाचले तरी चालेल. चिकणमातीवाल्यांनी फळीचे दर मागवण्याआधी ऑगरचे भोक पाडावे, आणि तेही उन्हाळ्याच्या शेवटी.

आमचे एक काम अजून उरले आहे. डेकवरून खाली उतरणाऱ्या चार पायऱ्या जमिनीवरच्या काँक्रीटच्या पातळ लादीवर टेकवल्या आहेत, आणि ती लादी पावसाळ्यात वर येते, उन्हाळ्यात खाली जाते. त्यामुळे शेवटच्या पायरीची उंची ऋतूप्रमाणे १२ मिलिमीटरनी बदलते आणि लादी वर आली की पायऱ्या डेकला जिथे जोडल्या आहेत त्या वरच्या बिजागरीवर ताण येतो. यंदा पायऱ्या डेकच्या सांगाड्यालाच पूर्णपणे लटकत्या ठेवून खालचे टोक लादीपासून ३० मिलिमीटर वर मोकळे सोडणार आहोत. पोलादी कोन कापून आणले आहेत, आणि पहिल्या पावसाच्या आधी ते बसवायचे आहेत.